वाळूतली वाटी

डहाणूजवळच्या आमच्या चिखल्याला ओहोटी लागली की समुद्र इतका लांब जातो, की आता हा परत येणार की नाही अशी शंका यावी. मागे राहिलेल्या ओल्या वाळूत आभाळ उतरतं आणि बायका त्या आभाळावरून चालत निवांत कालवं काढायला जातात. त्याच आभाळावरून मी जवळजवळ तीन वर्षं फिरलो. कानाला हेडफोन, हातात लोखंडी दांडा आणि दांड्याच्या टोकाला ताटाएवढी चकती. मला वेडा ठरवायला गावाला पहिले आठ दिवस पुरले. उरलेली वर्षं गावाने नुसती खात्री करून घेतली.

मी मच्छीमाराच्या घरातला. पण होडीत पाय ठेवला की माझं पोट ढवळतं. वडिलांनी मला तीन वेळा समुद्रावर नेलं. तिसऱ्या वेळेला परत आल्यावर त्यांनी आईला सांगितलं, "ह्याला जमिनीवरचं काय ते शिकव." म्हणून मी रेडिओ, टीव्ही दुरुस्त करायला शिकलो आणि तलासरीला हायवेच्या अंगाला छोटं दुकान टाकलं. आमच्या आळीत दर्यावर न जाणारा पुरुष म्हणजे जरा अर्धवटच. वडील गेल्यावर तर ती कमतरता मला जास्तच बोचायची. त्यांच्या चितेचा धूर समुद्राकडे गेला तेव्हाही मी जमिनीवरच उभा होतो.

बायको झाई गावची. तिच्या मंगळसूत्रात दोन वाट्या होत्या, एक सासरची, एक माहेरची. माहेरची वाटी तिच्या बापाने स्वतःच्या कानातली बाळी मोडून घडवून घेतली होती. वाटीच्या पाठीवर सोनाराने तीन बारीक ठिपके उठवले होते. तिचा बाप आमच्या लग्नानंतर वर्षभरातच गेला. भाऊ कामासाठी गुजरातेत गेला तो तिकडचाच झाला. झाईच्या घराला कुलूप लागलं. दिवाळीला जायला तिला घर उरलं नव्हतं, वाटी उरली होती.

मंगळसूत्राचा दोरा विरलाय, डहाणूला जाल तेव्हा गाठवून आणा, असं तिने मला किमान पाच वेळा सांगितलं असेल. मी दर वेळी म्हणायचो, उद्या. २०१५च्या थंडीत एका सकाळी ती किनाऱ्यावर जवळा वाळत घालत होती. वाकून झाडूने जवळा पसरता पसरता दोरा तुटला. काळे मणी जवळ्यात सांडले, एक वाटी पायाशी पडली आणि माहेरची वाटी गेली. बायकांनी दुपारपर्यंत वाळू चाळली. मग भरती आली.

ती मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती, भांडली असती, चार दिवस जेवण वाढलं नसतं, तर मी सुटलो असतो. तिने नव्या दोऱ्यात एक वाटी ओवली आणि दुसऱ्या वाटीच्या जागी पोवळ्याचा मणी बांधला. ते मंगळसूत्र एका बाजूला झुकलेलं असायचं. मी तिच्या गळ्याकडे बघायचं सोडून दिलं.

यंत्र मला चारोटीच्या नाक्यावर एका भंगारवाल्याकडे दिसलं. पंख्यांच्या आणि मोटारींच्या ढिगात ती चकती वर तोंड करून पडली होती. "बंद छे," तो म्हणाला, "पण माल सारो छे. जमिनीतलं सोनं दाखवतं, बोलतात." मी त्याचा टीव्ही दुरुस्त करून दिला आणि यंत्र मोटरसायकलला बांधून आणलं. चकतीजवळची एक तार तुटली होती, बाकी काही नाही. डाग दिला आणि ते कुईंकुईं करायला लागलं. त्या क्षणी माझ्या पोटात जे काही हललं ते समुद्रावर हलायचं तसं नव्हतं. वाटलं, आता मिळणार.

पहिल्या दिवशी मी ते घरातच चालवलं. ते विळीवर ओरडलं, चुलीवर ओरडलं, माझ्या पट्ट्याच्या बक्कलवर ओरडलं. तेव्हा कळलं की चकतीला वर आणि खाली यातला फरक कळत नाही, जवळ काही धातू असला की झालं. मग ते कोपऱ्यातल्या आईच्या बिस्किटाच्या डब्यावर ओरडलं. आई डब्यावर हात ठेवून म्हणाली, "ह्यात हाय ते माझं हाय. तुझं भूत बाहेर ने."

बाहेर नेलं तर आणखी पंचाईत. खाऱ्या पाण्याने भिजलेल्या वाळूवर यंत्र थांबायचंच नाही. आमच्या वाळूत काळी रेती असते, चुंबकाला चिकटणारी. पाऊल टाकलं की कानात जत्रा. मी रात्री जेवताना मोबाईलवर परदेशातले लोक बघायचो. ते कोरड्या ओढ्यात, डोंगराच्या पायथ्याशी, झोपाळ्यासारखी चकती हलवत चालायचे आणि वाटाण्याएवढं सोनं उचलून हसायचे. ते म्हणायचे, आधी कोरड्या जमिनीवर कान तयार करा. चकती जमिनीला जवळजवळ टेकवून ठेवा, घाई करू नका, पावलावर पाऊल टाका.

म्हणून दुकान बंद केल्यावर मी तलासरीच्या पलीकडच्या एका सुक्या ओढ्यात जायला लागलो. खरं सांगायचं तर तेव्हा माझ्या डोक्यात वाटी थोडी आणि सोनं जास्त होतं. पळसाच्या सावल्या लांब व्हायच्या, दगड तापलेले असायचे आणि मला प्रत्येक दगडाखाली पिवळं काहीतरी झोपलेलं दिसायचं. मी मनातल्या मनात बायकोला दहा वाट्या घडवल्या. आईला पाटल्या केल्या. एकदा तर झाईचं घर रंगवूनसुद्धा झालं. तिथे मला सापडलं ते बैलगाडीचा एक खिळा, एक पितळी घुंगरू आणि बाटल्यांची झाकणं.

चौथ्या की पाचव्या दिवशी पाड्यातली माणसं ओढ्यात उतरली. बायका पुढे, पुरुष मागे. त्या वर्षांत तिकडे जमिनीच्या मोजणीवरून लोक आधीच तापलेले होते. हातात यंत्र घेतलेला कुणीही अनोळखी माणूस दिसला की त्याला हाकलायचा, असंच ठरलेलं. एक म्हातारी माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मोजायला आला काय? मग पहिल्यांदा मला मोज." मी हेडफोन काढून सांगितलं की मी सरकारी नाही, बायकोची वाटी हरवलीय.

"कुठं हरवली?"

"चिखल्याला. समुद्रावर."

म्हातारीने माझ्याकडे बघितलं, मग ओढ्याकडे, मग मागच्या लोकांकडे. "समुद्रात हरवली आणि डोंगरात शोधतो," ती म्हणाली, आणि सगळा पाडा हसला. त्यातल्या एकाने मला ओळखलं, तलासरीचा टीव्हीवाला म्हणून. मला त्यांनी ताडीचा ग्लास दिला आणि हायवेपर्यंत सोडलं. परतताना मला फार लाज वाटली. पाड्याने मला एका वाक्यात जागेवर आणलं होतं.

त्यानंतर मी किनारा सोडला नाही. सकाळची ओहोटी बघून दुकानाची वेळ ठरवायला लागलो. काळ्या रेतीचा आवाज हळूहळू ओळखीचा झाला, मग ऐकूच येईनासा झाला. लोखंड तडतडतं. झाकणं ठणकतात. सोन्याचा आवाज खालच्या पट्टीतला, मऊ असतो, कुणी बंद दाराआड गुणगुणावं तसा. आईच्या कानातल्या फुलावर मी तो आवाज पाठ केला होता. पण शिशाचाही आवाज तसाच. मच्छीमाराच्या गावात वाळूत काय असणार? जाळ्याला बांधायचं शिसं. शंभर वेळा माझं काळीज वर आलं आणि शंभर वेळा हातात शिशाची गोळी आली. ती मी होडीवाल्यांना नेऊन द्यायचो. ते म्हणायचे, "आणखी शोध रे, जाळं तुझ्या नावाने भरू."

शिशानेच मला पुढची वाट दाखवली. माझ्या लक्षात आलं की ते सगळीकडे सारखं सापडत नाही. जड वस्तू वाळूत निजून राहत नाहीत. पावसाळ्यात समुद्र वाळू खरवडतो आणि जे जड असेल ते सरकवत एका जागी नेऊन ठेवतो. मग मी वीस गोळ्यांना होडीचा लाल रंग दिला आणि जिथे दोरा तुटला होता तिथे, जवळ्याच्या खळ्यात, पावसाळ्याआधी पुरून ठेवल्या. बायको दारातून बघत होती. "आता काय पेरता?" म्हणाली.

"वाटीची वाट," मी म्हटलं.

ती हसली नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन स्वतः खळ्यावर आली. दीड वर्षात पहिल्यांदा आम्ही त्या जागेवर एकत्र उभे राहिलो.

२०१७च्या पावसाळ्यानंतर एकही लाल गोळी मिळाली नाही. पुढच्या वर्षी मिळाल्या. नारळी पौर्णिमा होऊन होड्या समुद्रावर जायला लागल्या होत्या. सकाळी धुकं होतं, समुद्र दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. उत्तरेला जो काळा खडक आहे त्याच्या मागच्या खळग्यात एक लाल गोळी निघाली. मग दुसरी. मग आणखी दोन. मी गुडघ्यावर बसलो. पाचव्यांदा कानात तो मऊ आवाज आला तेव्हा मी मुद्दाम सावकाश खणलं. ती वाळू हाताने उपसताना मला आतून माहीत होतं. बोटाला कड लागली. पाण्यात बुडवून वर काढली तर धुक्यातसुद्धा पिवळी.

वाटी होती. जरा चेपलेली, कड मऊ झालेली. पाठीवर ठिपके नव्हते. झिजले, मी मनाशी म्हटलं. वाळूने घासून झिजले. मी रडलो, आणि मग धुक्यात कुणी नाही हे बघून मोठ्याने रडलो.

घरी आलो तेव्हा बायको मासळी निवडत होती. "काळ्या खडकामागे," मी म्हटलं आणि तिच्यासमोर मूठ उघडली. तिने हात धुतले, पदराला पुसले आणि वाटी तळव्यावर घेतली. उलटी केली. अंगठ्याने पाठ चाचपली. "ठिपके गेले," ती म्हणाली.

"तीन वर्षं वाळूत होती."

"हो ना. झिजणारच." आम्हा दोघांनाही ती तीच असायला हवी होती. तिने लगेच गळ्यातलं काढलं, पोवळ्याचा मणी सोडला आणि दोरा घेऊन बसली. पण वाटीच्या कडीत दोरा जाईना. कडी बुजली होती. तिने टाचणी घातली, तीही जाईना. शेवटी तिने वाटी आईकडे दिली. "आई, वाळू अडकलीय, जरा बघा."

आई दारातल्या उजेडात बसली होती. तिने वाटी डोळ्यांजवळ नेली आणि तिचे हात थांबले. मग तिने बायकोच्या हातातून मंगळसूत्र हिसकावून घेतलं. आईला मी कधी कुणाच्या हातातून काही हिसकावताना पाहिलं नव्हतं.

"वाळू नाय ती," ती म्हणाली. "सोनं वितळून कडी मिटलीय. हिला आग लागलीय." आणि माझ्याकडे वळून, "तुझ्या खळ्यापासनं तुझ्या त्या खडकापर्यंत मधी काय हाय रे?"

मधे आमचं मसण आहे. किनाऱ्यालगत, सुरूच्या झाडांखाली. लहानपणापासून माहीत असलेलं. मी लाल गोळ्यांचा रस्ता मनात दोन पावसाळे आखत होतो आणि त्या रस्त्यावर काय आहे ते मला दिसलं नव्हतं. आमच्या आळीची रीत अशी की नवरा गेला की बायकोच्या मंगळसूत्रातली सासरची वाटी त्याच्या छातीवर ठेवतात. ती त्याच्याबरोबर जाते. राख आणि अस्थी भरतीला समुद्र नेतो. माहेरची वाटी तेवढी बाईकडे राहते, कारण ती त्या घराने दिलेलीच नसते. माझ्या वडिलांच्या छातीवरही आईने वाटी ठेवली होती. मी तिथेच उभा होतो.

आणि मी, जो रोज दुकानात डाग देऊन तारा जोडतो, डाग वितळून पसरलेला दिसला की लांबून ओळखतो, तो मी एका विधवेची वाटी आणून माझ्या बायकोच्या गळ्यात घालायला निघालो होतो. बायकोकडे बघायची हिंमत होईना. वाटलं, आता ती ओरडेल, अंगावरून मीठमोहरी उतरवेल, निदान यंत्र तरी बाहेर फेकेल.

तिने सोडलेला पोवळ्याचा मणी पदराच्या गाठीत बांधला आणि म्हणाली, "कुणाची असेल हो?"

आईने त्याच संध्याकाळी आळीतल्या पाच जणींना बोलावलं. पाचही जणींचे पुरुष गेलेले. त्या ओटीवर बसल्या आणि वाटी एका हातातून दुसऱ्या हातात गेली. सोनार डहाणूचा एकच, घडण सगळ्यांची सारखी. एकीने ती गालाला लावली. एकजण म्हणाली, "माझी नाय. आमची हलकी होती." असं म्हणूनही तिने ती बराच वेळ सोडली नाही. एकीने वास घेतला आणि नवऱ्याला शिवी दिली, दारूवरून, आणि सगळ्या हसल्या, आणि मग तीच रडली. कुणीच माझी म्हणाली नाही. शेवटी ती आईच्या हातात आली. आईने मूठ मिटली.

"आई, आपली आहे का?" मी विचारलं. मला ती आपली असायला हवी होती की नको होती, हे मला आजही सांगता येत नाही.

"असेल, नसेल," आई म्हणाली. "ज्याला दिली त्याची. त्याची त्याला परत दे. उचललीस तू, सोडायची पण तूच."

"किनाऱ्यावरून सोडू?"

"म्हणजे परत तुझ्या त्या यंत्राला सापडायला? लांब जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलतभावाच्या होडीतून मी गेलो. चिखल्याचा किनारा बारीक हिरवी रेघ झाला त्याच्या कितीतरी आधी माझं पोट उलटलं. मी काठाला धरून ओकत होतो आणि भाऊ हसत होडी पुढे नेत होता. किनारा दिसेनासा झाला तेव्हा मी वाटी पाण्यात सोडली. ती थोडा वेळ चमकत खाली गेली, डुलत डुलत, आणि मग नुसतं पाणी राहिलं. मी वडिलांना इतकंच म्हटलं, चौथ्यांदा आलो बघा. मग पुन्हा ओकलो.

परत आलो तर घरात आई आणि बायको समोरासमोर बसलेल्या. मधे बिस्किटाचा डबा उघडा, आईच्या तळव्यावर तिची माहेरची वाटी. बायको मान हलवत होती. "नाही आई. ही तुमच्या बापाने दिलीय."

"बापानेच दिलीय," आई म्हणाली. "हिला आग ठाऊक नाय. मी गेल्यावर डब्यात राहून कुणाला माहेर होणार ही? तुला माहेर नाय, मला ह्या वयात लागत नाय. घे."

"पण ती तुमची—"

"मग आता दिवाळीला माझ्याकडे ये की. आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत."

बायको हसता हसता आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली, तीन वर्षांचं एकदम. मी खाऱ्या कपड्यांनिशी दारात उभा राहिलो. दुपारी मंगळसूत्र घेऊन डहाणूला गेलो आणि पक्क्या दोऱ्यात गाठवून आणलं. त्या दिवशी मी उद्या म्हटलं नाही.

यंत्र मी टाकलं नाही. होडीवाल्यांना शिसं लागतंच. आणि कुठेतरी तीन ठिपक्यांची वाटी अजून वाळूत आहे, हे मी विसरलेलो नाही. २०१९च्या थंडीत एका सकाळी मी खळ्याच्या कडेने चकती फिरवत चाललो होतो. बायको शेजारी उकिडवी बसून जवळा पसरत होती. माझे डोळे अर्धे मिटलेले, ऊन कोवळं, समुद्र आत गेलेला. अचानक कानात तो मऊ, खालच्या पट्टीतला आवाज आला. शिसं नाही. शिशाला इतका गोडवा नसतो. मी गुडघ्यावर आलो आणि दोन्ही हातांनी वाळू उपसायला लागलो. वीतभर खोल गेलो. काही नाही. पुन्हा चकती धरली. आवाज तसाच.

"अहो," ती म्हणाली.

मी वर बघितलं. ती चकतीवर वाकली होती आणि गळ्यातल्या दोन्ही वाट्या माझ्या चकतीच्या अगदी वर सरळ लोंबत होत्या. कोणत्याच बाजूला झुकलेल्या नव्हत्या. किती वर्षांनी मी तिच्या गळ्याकडे बघत होतो.

"खड्डा बुजवा तो," ती म्हणाली. "जवळा सांडतोय."